घरी समुपदेशक नको, गोळ्या पुरेत? अजिबात नाही

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश फिरतोय. थोडक्यात तो असा: एचआयव्ही असलेल्यांच्या घरी समुपदेशक पाठवू नका, गावात बोभाटा होतो. गोळ्या फुकट मिळतात, त्या घेतल्या की झालं. धीर द्यायला घरची माणसं आहेत. आणि मनाचं काही झालंच तर बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहेत, साधी शिकलेली पोरगी येऊन काय करणार?

हा संदेश पुढे पाठवणाऱ्या काहींना खरोखरच काळजी आहे, हे मला माहीत आहे. म्हणूनच एकेक मुद्दा घेते.

बोभाट्याची भीती खोटी नाही, आणि गोव्यात तर तिला इतिहास आहे. 1989 साली डॉमिनिक डिसोझा या रक्तदात्याला एचआयव्ही असल्याचं कळलं, आणि सरकारनं त्यांना म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस एकटं डांबून ठेवलं. तेव्हाचा कायदाच तसा होता. सरकारी माणूस दारात येणं म्हणजे काय, हे ज्यांनी तेव्हा पाहिलं त्यांना घरभेटीची धास्ती वाटली तर नवल नाही. पण यावर उपाय भेट बंद करणं हा नव्हे, भेट नीट करणं हा आहे. पाटी लावलेली गाडी दारात नको, गळ्यात ओळखपत्र नको. घरात कोणाकोणाला ठाऊक आहे हे आधी विचारायचं. जागा आणि वेळ त्या माणसानं ठरवायची. कधी ती जागा बहिणीचं घर असेल, कधी देवळामागचा पार. आणि तो नको म्हणाला तर जायचंच नाही. एचआयव्ही आणि एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर, एखाद्याला एचआयव्ही आहे हे त्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. तेव्हा शेजारीण ‘कोण गो ती?’ म्हणून विचारील, जरूर विचारील. उत्तर काय द्यायचं हे त्या घरानं आणि समुपदेशकानं पहिल्याच दिवशी ठरवलेलं असलं पाहिजे.

आता ‘गोळ्या पुरेत’. गोळ्या उत्तमच आहेत. रोज घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजणीत न येण्याइतका दबलेला राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण त्या रोज गिळायला माणूस उभा राहावा लागतो. उदास माणसाच्या गोळ्या चुकतात, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. एका घरात मी डबा पाहिला: लेबल नखांनी खरवडून काढलेलं, डबा तांदळाच्या पिंपात खोल. चवथीला घर पाहुण्यांनी भरलं की पिंपाशी जायची सोय नाही, म्हणून गोळी चुकायची. एआरटी केंद्रावर, म्हणजे जिथे या गोळ्या मिळतात तिथे, उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात, तिथे आकडा कळतो. पिंप कळतं ते घरी गेल्यावरच.

घरची माणसं धीर देतील म्हणता, पण नवराबायको दोघांचाही अहवाल एकाच आठवड्यात आलेला असतो तेव्हा कोणी कोणाला द्यायचा? आणि ज्या घरात त्या माणसाचं ताट वेगळं मांडतात तिथे घरच्यांनाच आधी कोणीतरी समजावायला हवं.

राहिली ‘साधी पोरगी’. याचं उत्तर गोव्यातच सापडलंय. ‘संगत’ या इथल्याच संस्थेनं मानसोपचाराचं आधी काहीही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार केलं आणि तीव्र नैराश्य असलेल्यांकडे पाठवलं. आठवड्याला एक, अशा सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्ध्या-पाऊण तासाच्या, आरोग्य केंद्रात किंवा थेट घरी. गोव्यातल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांतले 493 रुग्ण या चाचणीत होते, आणि समुपदेशन मिळालेल्यांचं नैराश्य जास्त उतरलं. 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ती चाचणी एचआयव्हीवरची नव्हती, हे सांगायलाच हवं. पण अंथरुणातून उठवत नाही, कोणाशी बोलवत नाही, ही तक्रार दोन्हीकडे तीच असते. जीव द्यायचे विचार येत असतील तर मात्र डॉक्टरच हवा. आणि ते वेळेत ओळखून बांबोळीपर्यंत सोबत जायलाही हीच पोरगी लागते.

सत्तरीतल्या वाळपईहून बांबोळीला जाऊन यायचं म्हणजे मजुरीवर असलेल्याचा दिवस बुडाला. महिन्यातून कितीदा बुडवणार?

संदेश पुढे पाठवायचाच असेल तर हे दोन क्रमांक पाठवा, दोन्ही मोफत आहेत: एचआयव्हीबद्दल 1097, आणि मन जड झालं असेल तर टेली-मानस 14416. टेली-मानसवर मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही.