नाताळ अजून आलेला नाही

आमच्या चर्चच्या मंडळीत यंदा ठरलंय की २४ डिसेंबरच्या संध्याकाळपर्यंत बाळ येशूची गव्हाणी रिकामी राहील आणि नाताळची गीतं तोवर गायची नाहीत. दोन-तीन घरं यावर नाराज आहेत, तरुणांचीही कुरकुर चाललीय. बैठकीत मी या ठरावाच्या बाजूने हात वर केला होता. तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

रविवारी आम्ही मोजून पस्तीस-चाळीस माणसं. गायनमंडळात सहा जण, त्यातल्या दोघांना शिफ्ट असते. दार उघडणारा, बाक पुसणारा आणि दान मोजणारा बहुतेकदा एकच. एवढ्या माणसांनी मोठ्या चर्चसारखा कार्यक्रम उभा करायचा म्हटलं की काय होतं ते मी कितीतरी वर्षं पाहिलंय. डिसेंबरचे सगळे रविवार सरावात जातात, उपासना उरकली जाते आणि २५ तारखेच्या दुपारी सगळ्यांचे चेहरे उतरलेले असतात. खरं तर नाताळचे दिवस तिथून पुढे सुरू व्हायचे असतात!

आगमनकाळ, म्हणजे नाताळची वाट पाहण्याचे चार रविवार, ही चर्चच्या वर्षाची सुरुवात आहे. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, म्हणून हा काळ कधी २८ दिवसांचा असतो, तर कधी जेमतेम २२. २०२३ मध्ये नाताळ सोमवारी होता. २४ तारखेला सकाळी चौथ्या रविवारची मेणबत्ती आणि रात्री जन्माची उपासना, म्हणजे वेदीवरचं जांभळं कापड काढून पांढरं घालायला एकच दुपार हातात. आम्ही तिघी होतो. कापडाच्या घड्या घालताना कुणी फारसं बोललं नाही. त्या वर्षीच्या सणातलं मला सगळ्यात स्पष्ट आठवतं ते हेच.

आणि आता जे बैठकीत सांगता आलं नाही ते. माझी आई गेली ती नोव्हेंबरच्या शेवटी. पुढच्याच रविवारी मी चर्चला आले, कारण घरी बसवत नव्हतं. त्या दिवशी आनंदाची गीतं सुरू असती तर मी दारातूनच परत फिरले असते. पण वाचन होतं लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलं, जखऱ्याचं. म्हातारा याजक धूप जाळायला मंदिरात जातो, तुला मुलगा होईल या देवदूताच्या शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही आणि त्याची वाचाच जाते. बाहेर लोक खोळंबलेत, याला इतका उशीर का म्हणून. तो बाहेर येऊन नुसत्या खुणा करत राहतो. मूल जन्माला येऊन त्याचं नाव ठेवायची वेळ येईपर्यंत हा माणूस मुका. ख्रिस्तजन्माची गोष्ट लूक इथून सुरू करतो, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ऐकलं त्या दिवशी. मला गाता येत नव्हतं. शेजारी बसलेल्या मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आपलं गीतांचं पुस्तक मिटलं आणि त्याही गप्प बसल्या.

छोट्या मंडळीत कोण गात नाहीये ते कळतं. अशा माणसाला बसायला जागा हवी, आणि वर्षातले हे चार आठवडे त्यासाठी आहेत असं मला अगदी मनापासून वाटतं.

मुलांचा आनंद हिरावला जातो, असं काही पालकांचं म्हणणं आहे. त्यांची काळजी मला समजते. पण चार मेणबत्त्यांच्या ज्या कड्याभोवती आपण उभे राहतो, ते मुलांसाठीच तर सुरू झालं. १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विखेर्न गरीब, निराधार मुलांचा सांभाळ करत होते. नाताळ कधी, म्हणून मुलं रोज विचारायची, असं सांगतात. त्यांनी एक गाडीचं चाक घेतलं, रविवारांसाठी मोठ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान अशा त्यावर लावल्या. मुलं रोज एक पेटवायची, मोजायची. आमच्या संडे स्कूलची मुलंही आताशा रिकाम्या गव्हाणीपाशी येऊन आत डोकावतात आणि किती दिवस राहिले ते एकमेकांना सांगतात.

आनंद अगदीच बाजूला ठेवलाय असंही नाही. तिसरा रविवार आनंदाचाच, त्या दिवशी मेणबत्तीसुद्धा गुलाबी. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वचन त्या रविवारचं, आणि प्रेषित पौलाने ते बेड्यांमध्ये असताना लिहिलंय. नाराज घरांनी निदान या रविवारी यावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

गुलाबी मेणबत्ती यंदा आपल्या सगळ्यात वयस्कर आजी पेटवणार आहेत. गेले तीन महिने त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. चर्चच्या पायऱ्या चढवायला दोघे धट्टेकट्टे लागतील. उपासनेच्या अर्धा तास आधी कोण येऊ शकेल ते खाली लिहा.