मोठा इंटरकूलर आणि २५ हॉर्सपॉवरचं आश्वासन

उन्हाळा लागला की इंदूरच्या टर्बो गाडीवाल्यांमध्ये एक मजकूर हमखास फिरू लागतो. कंपनीचा इंटरकूलर लहान असतो, पुढे मोठा बसवा, २० ते २५ हॉर्सपॉवर वाढेल, एव्हरेज सुधारेल, भर उन्हात इंजिन थंड राहील, आणि बसवायला अर्धा दिवस पुरतो, काही कापावं लागत नाही, असं त्यात म्हटलेलं असतं. हे वाचून लोक धड चालणाऱ्या गाडीचा बंपर उघडतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हॉर्सपॉवर. टर्बो हवा दाबतो, दाबताना ती तापते, तापलेली हवा विरळ होते, आणि इंजिनात जाण्याआधी तिला थंड करणं हे इंटरकूलरचं काम. इथपर्यंत मजकूर बरोबर आहे. आता हिशोब करून पाहा. बाहेर ४० अंश, बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, १ बार आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून हवा साधारण १४० अंशांची निघते. म्हणजे १०० अंश वाढले. कंपनीच्या इंटरकूलरने त्यातले ७० काढले तर इंजिनात ७० अंशांची हवा जाते. उत्तम बनावटीच्या मोठ्या इंटरकूलरने ८५ काढले तर ५५ अंशांची. तापमान १५ अंशांनी उतरलं, पण हवा दाट झाली ती जेमतेम साडेचार टक्के. १२० हॉर्सपॉवरच्या गाडीत याचे फार तर ५ होतात. हवेवर चालणारा कुठलाही इंटरकूलर बाहेरच्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि तेवढे ५ तरी मिळतात का? न छेडलेल्या गाडीत बहुतेक वेळा नाही. आजच्या पेट्रोल टर्बो इंजिनात किती टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, द्यायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो. हवा दाट मिळाली की तेवढाच टॉर्क कमी बूस्टमध्ये निघतो, मग ईसीयू वेस्टगेट, म्हणजे एक्झॉस्टचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, जास्त उघडतो आणि बूस्ट उतरवतो. डिझेलमध्ये ताकद ठरते ती इंधनावर, आणि इंधनाचं माप पुन्हा ईसीयूकडेच. तिथे थंड हवेने धूर आणि एक्झॉस्टचं तापमान थोडं उतरेल, पिकअप बदलल्याचं जाणवणार नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. नाशिक-धुळ्याकडून परतताना, मे महिन्याच्या दुपारी, चार माणसं आणि सामान घेऊन इंदूरच्या अलीकडे मानपूरचा चढ लागतो, तेव्हा आत येणारी हवा इतकी तापू शकते की नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा आपोआप अवेळी भडका, टाळण्यासाठी ईसीयू इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि गाडी मंदावते. चांगला इंटरकूलर ही गेलेली ताकद बऱ्याच अंशी टिकवतो. पण ती आधीपासून तुमचीच होती, वर काही मिळालेलं नाही.

एव्हरेजचा दावा तर टिकतच नाही. शहरात विजयनगर ते पलासिया जाताना किंवा बायपासवर ८० च्या वेगाने बूस्ट नगण्यच असतो. जी हवा फारशी तापलेलीच नाही, तिला थंड करून पेट्रोल कुठून वाचणार?

सगळ्यात चुकीचा आणि सगळ्यात त्रासदायक दावा म्हणजे इंजिन थंड राहण्याचा. इंजिन थंड ठेवतात रेडिएटर आणि कूलंट. इंटरकूलरचा संबंध फक्त आत जाणाऱ्या हवेशी. मोठा इंटरकूलर बसतो तो नेमका एसीच्या कंडेन्सरच्या आणि रेडिएटरच्या पुढे. त्या दोघांना मिळणारी हवा तो अडवतो आणि स्वतःची उष्णता त्यांच्याकडे ढकलतो. भंवरकुआंच्या सिग्नलवर गाडी उभी असताना समोरून वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. अशा वेळी एसी कोमट होतो आणि कूलंटचा काटा वर सरकू शकतो. घरातले आई-वडील, लहान मुलं ज्या गाडीतून रोज फिरतात तिच्यात हा सौदा मला अजिबात पटत नाही.

‘काही कापावं लागत नाही’ हेही सगळ्या गाड्यांना लागू नाही. फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआय इंजिनात इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच, म्हणजे सिलिंडरकडे हवा वाटणाऱ्या भागातच, बसवलेला असतो. तिथे पुढे मोठा बसवणं म्हणजे सगळी रचनाच बदलणं. इतर गाड्यांत जागा करण्यासाठी काही ठिकाणी बंपरमागचा लोखंडी बीम कापतात. धडक बसली तर पहिला मार तो बीम झेलतो. तो कापायला निघालेल्या गॅरेजमधून गाडी तशीच परत आणा. वॉरंटी आणि विम्याबद्दल कंपनीकडून आधी लेखी विचारून घ्या.

गाडी उन्हात खरंच मंदावत असेल तर आधी ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले आकडे दाखवणारं यंत्र, लावून घाटात इनटेकचं, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, ईसीयूने मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट नोंदवा. बूस्ट कमी पडत असेल तर होज (हवेच्या रबरी नळ्या) आणि क्लॅम्प तपासा. सांध्याशी तेलाचा ओला डाग दिसला तर गळती बहुधा तिथेच आहे. तापमान जास्त असेल तर आहे तो इंटरकूलर पाहा: जाळीत धूळ, किडे, चिखल, वाकलेल्या पट्ट्या. कमी दाबाच्या पाण्याने धुवा, प्रेशर पंपाने पट्ट्या आणखी वाकतात. बंपरचं डेंटिंग-पेंटिंग झालेलं असेल तर हवा इंटरकूलरकडे नेणारा प्लास्टिकचा डक्ट परत बसवला आहे ना, तेही पाहा. तो घाईत राहून जातो, आणि मग दोष कंपनीच्या लहान इंटरकूलरवर येतो.

रिमॅप करून, म्हणजे ईसीयूचा प्रोग्रॅम बदलून, बूस्ट वाढवलेल्या किंवा ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीसाठी मोठा इंटरकूलर योग्यच आहे. तो बसवताना बीम शाबूत ठेवा, ताब्यात घेण्याआधी सगळ्या सांध्यांची धूर सोडून गळतीची तपासणी करून घ्या, आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर क्लॅम्प पुन्हा आवळून घ्या, कारण गरम-थंड होऊन नवे होज दबतात आणि क्लॅम्प सैल पडतात.