गोलात बसवलं म्हणजे वर्ग आपला होत नाही

शिक्षकांच्या प्रशिक्षणात ‘मुलांवर प्रेम करा’ हे वाक्य हमखास येतं. ते ऐकून कुणी उद्या वर्गात काही वेगळं करेल असं मला वाटत नाही, कारण त्यात करण्याजोगं काही नसतंच. चौथीच्या वर्गात ३५ मुलं, मध्ये पोषण आहार, वर ऑनलाइन माहितीचे तगादे. या धबडग्यात एकेका मुलाकडे लक्ष जायचं तर त्यासाठी वेळ आणि जागा आधीच ठरवून ठेवावी लागते.

परिपाठ त्यासाठी पुरत नाही. तिथे प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या सगळं होतं, पण माइक त्याच चार-पाच मुलांकडे फिरतो. वर्गात आल्यावर वेगळी १० मिनिटं काढा. गोलात बसायचं, प्रत्येकाने एक वाक्य बोलायचं. ‘कसे आहात?’ विचारलंत तर एका सुरात ‘बरे आहोत’ येईल आणि विषय संपेल. ‘येताना वाटेत काय दिसलं?’, ‘काल घरी कुठलं काम केलंत?’ असं विचारा. एका मुलाला २० सेकंद धरले तरी ३५ जणांना १२ मिनिटं लागतात, म्हणून आज निम्मी मुलं, उद्या निम्मी. ज्याला बोलायचं नाही त्याने ‘पुढे’ म्हणावं. त्यावर आग्रह नको. हा गोल मोडतो तो बहुधा आपल्याच तोंडाने. मूल काही बोललं की आपण त्याला उपदेश जोडतो, मग मुलंही बाईंना आवडेल तेवढंच बोलायला शिकतात.

‘काल पप्पांनी आईला मारलं’ असंही कधीतरी गोलात येतं. सगळ्यांसमोर खोदून विचारू नये. ‘सांगितलंस ते बरं केलंस, मधल्या सुट्टीत आपण दोघं बोलू’ एवढंच म्हणावं आणि मधल्या सुट्टीत खरोखर बोलावं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. गोष्ट लैंगिक अत्याचाराची निघाली तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ती कळवणं बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक शिक्षकाला पाठ हवा.

बसण्याच्या जागांबद्दल आपण फारच बेफिकीर असतो. मुलं आपापल्या मनाने बसली की वस्तीप्रमाणे बसतात, आणि आपल्या गावांत वस्तीप्रमाणे म्हणजे कशाप्रमाणे हे सांगायला नको. पोषण आहाराच्या पंगतीतही तेच गट दिसतात. डीएडला शिकलेलं समाजमिती तंत्र इथे कामी येतं. प्रत्येकाला कागदावर दोन नावं लिहायला सांगा: कुणाजवळ बसायला आवडेल? ‘कुणाजवळ नको’ हे चुकूनही विचारू नका आणि ते कागद मुलांच्या हाती लागू देऊ नका. ज्याचं नाव कुणीच लिहिलेलं नाही, ते मूल तुम्हाला सापडलं. त्याच्या शेजारी मवाळ स्वभावाचं मूल बसवा आणि इतरांना त्याच्याकडे यावंच लागेल असं काम त्याला द्या, पुस्तकपेटीची नोंद वगैरे. जागा दर पंधरा दिवसांनी सगळ्यांच्याच बदला, नाहीतर हा बदल शिक्षेसारखा दिसतो. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा मॉनिटर तर आजच बंद करावा. एका मुलाला पोलीस केलं की उरलेली सगळी संशयित होतात.

भांडण झालं की आपण ‘सॉरी म्हण, हात मिळव’ करून मोकळे होतो. मग तेच भांडण शाळेबाहेर पुन्हा होतं. आधी दोघांना वेगळं बसवा. श्वास खाली बसल्यावर एकेकाला तेच तीन प्रश्न: काय झालं, त्रास कुणाला झाला, आता तू काय करशील? एक बोलताना दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही. छडी आणि अपमान या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. ‘ढ’, ‘मठ्ठ’ म्हणणंही त्यातच येतं, हे बरेच जण सोयीने विसरतात.

या सगळ्याची खरी परीक्षा ऊसतोडीच्या गावांत होते. गळीत हंगाम लागला की बीड, अहिल्यानगरकडची मुलं आईवडिलांबरोबर फडावर जातात, ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. जाण्याआधी मुलाचं शिक्षण हमी कार्ड, म्हणजे तिकडच्या शाळेत दाखवून शिक्षण पुढे सुरू ठेवता यावं म्हणून दिलं जाणारं कार्ड, भरून द्या. त्याची जागा आणि भिंतीवरच्या तक्त्यातलं नाव तसंच राहू द्या. आल्या दिवशी ‘इतके महिने कुठे होतास?’ असं वर्गासमोर विचारू नका आणि लगेच चाचणीला तर मुळीच बसवू नका. एक सोबती नेमून द्या, पहिले आठ दिवस वाचन आणि तोंडी काम ठेवा. फडावरचं जग त्याला ठाऊक असतं, गावात राहिलेल्यांना नसतं. मोळी कशी बांधतात, गाडी कशी भरतात, वजन कुठे होतं, हे त्याने सांगितलं की परिसर अभ्यासाचा एक तास होतो आणि त्याची मान वर होते.

आपली बदली झाली तर पुढच्या शिक्षकासाठी प्रत्येक मुलामागे दोन ओळी लिहून ठेवा. ‘खोडकर’, ‘हळू शिकणारा’ असले शिक्के नकोत. ‘आजीकडे राहते, सोमवारी उशीर होतो’, ‘मागे बसवलं तर फळा दिसत नाही’, ‘चिडला की पाच मिनिटं एकटं सोडावं’ एवढं पुरतं.