काचेवर काच

एम. जी. रोडवरून स्मार्टवॉचच्या स्क्रीनवर ओरखडे पडू नयेत म्हणून तिसऱ्यांदा वरची काच बसवून आणली आणि तिसऱ्यांदा तेच! सकाळी गंगापूर रोडला पळताना आईचा फोन आला. मी स्क्रीनवर बोट घासतेय, घासतेय, घड्याळ ढिम्म. फोन कट.

दुकानदार म्हणे, ‘ताई, घड्याळच खराब आहे, रिसेट मारा.’ मारला. परत फोनशी जोडण्यात अख्खी संध्याकाळ गेली, फरक शून्य. शेवटी काच उपटून काढली, तर घड्याळ पहिल्यासारखं झरझर चालू!

अहो, ही टचस्क्रीन दाबाने चालत नाही. बोट टेकलं की काचेखालच्या विद्युतक्षेत्रात बारीकसा बदल होतो, तो ती ओळखते. तुम्ही फक्त कडेला गोंद असलेली जाड काच लावता, मध्ये हवेची पोकळी राहते, मग बोटाचा पत्ता लागणार कसा? त्यात घाम नाहीतर पावसाचं पाणी कडेतून आत शिरलं की स्क्रीन आपोआप सरकायला लागते ते वेगळंच. पूर्ण चिकटणारी पातळ फिल्म मागितली, तर ‘ती टिकत नाही’ म्हणून टाळतात. माझं घड्याळ आहे, पडू दे ना ओरखडा! ‘आधी काच काढून बघा’ एवढं एक वाक्य गिऱ्हाइकाला सांगायला काय जातं?