ओमेगा सीमास्टरच्या रिव्ह्यूवर दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर. तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद केल्यावर वाचला, दोनदा वाचला. वडिलांचं ओमेगा सीमास्टर सर्व्हिसला दिलं, नवी पेठेतल्या या दुकानाने त्यात डुप्लिकेट माल घातला, पुण्याला भाच्याने भिंगातून बघितलं तर काचेवर कंपनीची खूणच नाही, घड्याळाची किंमत गेली, असं लिहून एक स्टार दिलाय. स्टारचं राहू दे, पण डुप्लिकेट हा शब्द फार लागला म्हणून एवढं लिहितोय.

आधी माझं चुकलं ते सांगतो. चावी (बाजूची फिरवायची घुंडी) आणि घड्याळ चालवणारी आतली स्प्रिंग, यांचं आपलं फोनवर बोलणं झालं होतं, कंपनीचं मिळणार नाही, बाहेरचं चालेल का विचारलं, तुम्ही हो म्हणालात. काचेचं मात्र मी विचारलंच नाही. ४ च्या आकड्याजवळ बारीक तडा होता, म्हणलं मुलाच्या लग्नात घालणार आहेत तर तडकलेली काच कशाला, टाकून दिली नवीन. आणि बिलावर नुसतं काच, चावी, स्प्रिंग, सर्व्हिस एवढंच लिहिलं, कंपनीचं का बाहेरचं ते कुठेच नाही. तुमचा भाचा बरोबर बोलतोय. त्या काळातल्या ओमेगाच्या प्लास्टिकच्या काचेवर अगदी मधोमध एवढीशी कंपनीची खूण असते, नुसत्या डोळ्याला दिसत नाही. तुमच्या जुन्या काचेवर ती होती आणि जुनी घड्याळं जमवणारा माणूस भिंग लावून तेच आधी बघतो. मला हे माहीत असून विचारलं नाही, त्याची माफी मागतो.

आता डुप्लिकेटचं. तुम्हाला लावलेल्या चावीवर काहीच छापलेलं नाही, साधी कोरी चावी आहे, बघा की. मला त्याच दिवशी ओमेगाचा मार्क मारलेली चावी मिळत होती, आणि स्वस्तात. ती डुप्लिकेट. कंपनीने बनवलेली नाही आणि तरी कंपनीची म्हणून खपवायची, तसला माल मी दुकानात ठेवत नाही. कोरी चावी कोणाला फसवत नाही, भिंग न लावताही कळतं की ही बदललेली आहे.

आणि चावी बदलायचं कारण पण तुमच्या घड्याळातच आहे. आत ५६५ नंबरचं मशीन आहे, २४ ज्वेलचं (चाकांच्या टोकांना बसवलेले बारीक खडे), १९६६ पासून यायला लागलं ते. यात तारीख बदलायला चावी शेवटपर्यंत बाहेर ओढून परत आत दाबायची, एकदा ओढली की एक तारीख पुढे. घड्याळ दोन आठवडे कपाटात राहिलं की १ तारखेवरून १५ वर यायला १४ वेळा ओढा. पन्नास-साठ वर्षं असं ओढल्यावर चावीच्या आतले आटे राहतील का? गेलेच होते, चावी हातात येत होती. तिथून घाम आणि धूळ आत जाऊन तारखेच्या बाजूला गंज धरायला लागला होता, फोटो पाठवलाय तुम्हाला. आपल्याकडे मे मध्ये पारा ४२-४३ ला जातो, मनगट दिवसभर ओलं, अशा घड्याळाने पुढचा उन्हाळा काढला नसता.

मोठ्या स्विस कंपन्या आमच्यासारख्या छोट्या दुकानाला पार्ट देत नाहीत, त्यांच्या मान्यतेच्या वर्कशॉपलाच देतात. ओमेगा जुनी घड्याळं स्वतः दुरुस्त करते, स्वित्झर्लंडमध्ये बील गावात, पण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागतो आणि तुमच्याकडे लग्नाला पंधरा दिवस होते. स्प्रिंग तर मी बिनधास्त बाहेरची टाकतो, रुंदी जाडी लांबी मोजून घेतली की मशीनला काही फरक पडत नाही. आलं तेव्हा रात्री काढून ठेवलं की सकाळी बंद असायचं, जाताना ४० तासांवर चाललं, आणि वेळ बरोबर देतं का तेही टायमिंग मशीनवर तुमच्यासमोर लावून दाखवलं.

तुम्हीच म्हणला होता डायल पिवळी पडलीय, रंगवून द्या. मी नाही म्हणलं, आठवतंय ना. किंमत खरी तिथे जाते. डायल आणि काटे मूळचे असले तर चावी-काच नंतर कधीही परत ओरिजिनल बसवता येते, पण रंगवलेली डायल परत येत नाही. एचएमटीच्या जुन्या जनता घड्याळाचं काय झालं बघा, बाजारात रंगवलेल्या डायलच्याच जास्त, मूळ डायलची शोधावी लागते. मला पैसेच काढायचे असते तर रंगवायचे वेगळे लावले असते. वडिलांच्या हातात जी डायल होती तीच आज तुमच्या हातात आहे.

तर असं करू. काचेचे पैसे परत देतो. खूण असलेली मूळ काच मिळाली तर मी शोधून, तुम्हाला किंमत सांगून, मगच बसवतो, बसवायची मजुरी नाही. बिल नवीन लिहून देतो, प्रत्येक पार्टपुढे कुठला ते लिहून. आजपासून सगळ्याच गिऱ्हाइकांना तसंच बिल.

आणि तुमची जुनी चावी, जुनी काच, जुनी स्प्रिंग सगळं पुडीत बांधून बिल नंबर टाकून ड्रॉवरमध्ये ठेवलंय, त्या दिवशी घाईत राहिलं तुमच्याकडून. ते घेऊन जा सर, घड्याळाबरोबरच ठेवा. बुधवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही या.