फक्त बघायचं, घ्यायचं नाही

दरवर्षी आईबाबांना घेऊन टूरने कुठेतरी जाते. नंतर फोटो चाळताना मजा आली असंच वाटतं, आणि खोटं कशाला बोलू, येतेच. पण प्रत्येक सहलीत तो क्षण येतो. बस मोठा रस्ता सोडून भलत्याच गल्लीत वळते, टूर मॅनेजर माईक हातात घेतो आणि माझ्या डोक्यात तिडीक जाते. "मंडळी, आता आपण इथल्या कारागिरांची कला बघणार आहोत. फक्त बघायचं, घ्यायची अजिबात जबरदस्ती नाही."

जबरदस्ती नाही? अहो, आपण आत शिरलो की मागून दार लावून घेतात! एसीची हवा जाते म्हणे.

जयपूरला मला एकच गोष्ट मनापासून बघायची होती. हवामहल बसमधून दाखवला तरी चाललं असतं. मला हवं होतं जंतरमंतर, तिथली जुनी वेधशाळा. सवाई जयसिंगानं 18व्या शतकात बांधलेलं सम्राट यंत्र, 27 मीटर उंचीचं दगडी सूर्यघड्याळ. त्याची सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते, म्हणजे मिनिटाला सहा सेंटीमीटर. नुसत्या डोळ्यांना सरकताना दिसते! पृथ्वी फिरते हे शाळेत घोकलं होतं, ते इथे उभ्याउभ्या बघायला मिळणार होतं.

तर आधी कुठे नेलं? रजईच्या दुकानात.

पाटी "सरकारमान्य". कुठल्या सरकारची मान्यता, विचारू नका. दारात एक गृहस्थ लाकडी ठशानं कापडावर हत्ती उठवून दाखवतात. आधी बाह्यरेषा, मग अंग, मग झूल, शेवटी कापड कसल्याशा पाण्यात बुडवलं की रंग बदलतात. हे खरंच छान होतं, मान्य. पण ते पाच मिनिटांत संपलं. पुढे चहा. चहा घेतला की माणूस बांधला गेला, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मग पांढऱ्या गाद्यांवर बसवून एकेक रजई हवेत उडवायला सुरुवात. "या ताई, बसा ताई, कसं काय, बरं आहे ना?" मराठीसुद्धा शिकून ठेवलंय. "फक्त शंभर ग्रॅम कापूस! थंडीत गरम, गर्मीत थंड!" पंचवीसेक रजया आमच्यासमोर पसरल्या. तेवढ्या त्या मुलानं उलगडल्या, आता रिकाम्या हातानं उठायचं कसं, या एका विचारानं माझी आई घायाळ. गाइड कोपऱ्यात मोबाइल बघत बसलेला. आणि मी घड्याळ बघतेय.

दोन तास. माझ्या हिशेबानं सात मीटर वीस सेंटीमीटर सावली.

जंतरमंतरला पोचलो तेव्हा गाइड म्हणतो, "मॅडम, बंद होनेवाला है, पंधरा मिनट." मी धावत यंत्राशी गेले. नव्वद सेंटीमीटर! आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटची आलेली मी, माझ्या वाट्याला नव्वद सेंटीमीटर. त्यातलेही वीस-पंचवीस ग्रुप फोटोत गेले.

आग्र्यात तर कहर. सकाळी ताजमहालासमोर गाइडनं रंगवून सांगितलं की शहाजहाननं कारागिरांचे हात तोडले. (दंतकथा आहे ती, पण त्याच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा येतो.) दुपारी संगमरवराच्या दुकानात त्याच कारागिरांची चौदावी पिढी हजर! अहो, हात तोडले होते तर पोरांना जडावकाम शिकवलं कुणी? मी विचारलं. दुकानदारानं ऐकलं नाही. तो संगमरवरी ताटलीखाली टॉर्च लावून बाबांना लाल खडे कसे पेटतात ते दाखवत होता. बाबा म्हणाले, "वा!" संपलं.

म्हैसूरला रविवार होता. रविवारी संध्याकाळी सात वाजता राजवाड्यावर जवळजवळ लाखभर दिवे लागतात, जेमतेम पाऊण तास. आम्ही त्या वेळी सिल्कच्या दुकानात. टेक्कडीला वेलची कशी लागते ते बघता बघता कधी गुडघ्याच्या तेलाच्या काउंटरवर उभे राहिलो, कळलंही नाही.

राग दुकानदारांचा नाही हो. त्यांचं पोट आहे. कारागिराकडून थेट घ्यायला मला आवडेलच. राग येतो तो त्या गोड "फक्त बघायचं"चा. कमिशन मिळतं तर मिळू दे, पण मग कार्यक्रमपत्रिकेत सरळ छापा ना: दुपारी 2 ते 4, दुकान. मी बाहेर कट्ट्यावर शेंगदाणे खात बसेन. किंवा रिक्षा करून सावली बघायला जाईन. सहलीचे पूर्ण पैसे भरलेत, ते रजया मोजायला नाही.

ती रजई घेतलीच, अर्थात. आता डोंबिवलीत घरी माळ्यावर आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्या दुकानाच्या चिठ्ठीसकट.

परवा कच्छच्या सहलीची पत्रिका आली. तिसऱ्या दिवशी दुपारी "स्थानिक हस्तकलेची ओळख". मी आईला म्हटलं, हे बघ, या वेळी आपण बसमधून उतरायचंच नाही. ती म्हणाली, "नाहीच उतरायचं." मग चष्मा लावून पत्रिका जवळ ओढली आणि पेन्सिलीनं त्या ओळीसमोर लिहिलं: अजरखचे दुपट्टे, 2. वन्संना, 1.