ट्रॅक लाइटच्या कामाबद्दल आपण दिलेल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

आपला रिव्ह्यू वाचला. "सहा दिवे लावायला दोन दिवस घेतले, वेळ काढला आणि नको ते काम वाढवून ठेवलं" असं लिहून आपण एक स्टार दिलात. घरात पाहुणे यायचे होते आणि हॉल पसरलेला राहिला, त्याचा आपल्याला त्रास झाला. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पण "वेळ काढला" हे फार लागलं, म्हणून लिहितोय.

नुसता ट्रॅक, म्हणजे दिवे सरकवायची पट्टी, बसवायचा तर अर्धा दिवस पुरतो, आम्हीही तेच सांगितलं होतं. पण झुंबर उतरवून पॉइंट उघडला तर आत फेज आणि न्यूट्रल, दोनच वायरी. अर्थिंगची हिरवी वायर नव्हतीच. झुंबर एकदा टांगलं की त्याला कोणी हात लावत नाही. ट्रॅकचं तसं नाही. त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या तारा असतात आणि दिवा सरकवताना हात त्याच धातूच्या पट्टीला लागतो. आपणच म्हणाला होतात, मुलं दिवे हवे तसे फिरवतील.

"एलईडीला वीज ती केवढी, अर्थिंग कशाला?" असं आपण तेव्हा विचारलंत, रिव्ह्यूतही तेच आहे. भार किरकोळ आहे, मान्य. 12 वॅटचे सहा दिवे म्हणजे 72 वॅट. पण आतली फेज बॉडीला टेकली की पट्टीवर पूर्ण व्होल्टेज येतं, मग दिवा कितीही लहान असो. आपल्याकडे 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच, आहे. अर्थिंग असेल तर तो तिथल्या तिथे ट्रिप होतो. नसेल तर कोणाचा तरी हात लागेपर्यंत त्याला काही कळत नाही, म्हणजे आधी शॉक आणि मग ट्रिप. हे ठाऊक असताना ट्रॅक चालू करून निघून जाणं मला जमलं नसतं.

म्हणून बोर्डापासून हिरवी वायर ओढायला घेतली. भिंतीतला पाइप बेंडपाशी बुजलेला, वायर ओढायची स्प्रिंग पुढे जाईना. जोर लावला असता तर जुन्या वायरी सोलल्या गेल्या असत्या. शेवटी फॉल्स सीलिंगच्या वरून नवा पाइप टाकला. वेळ गेला तो इथे. काम सुरू करण्याआधी आपल्या मिस्टरांना पॉइंट दाखवून विचारलं होतं, ते हो म्हणाले होते. आपण तेव्हा बाहेर होतात.

"एक पट्टी कापायला तासभर घासत बसले" असंही लिहिलंत. कापलेल्या टोकाला धातूचा बारीक कीस राहतो, तो तांबं आणि बॉडी जोडून टाकू शकतो. कानस मारून, तांब्याची टोकं आत घेऊन, टोपी बसवून, मीटरने तपासल्याशिवाय आमचा माणूस सप्लाय देत नाही. तो घाई करत नाही म्हणूनच मी त्याला पाठवतो.

यापुढे पाहणीलाच पॉइंट उघडून बघायचं असं आमच्या कामाच्या मुलांना सांगितलं आहे, वेळेचंही बघतो. आपण स्टार कितीही द्या, पण "वेळ काढला" एवढे शब्द शक्य असेल तर काढा. नवीन गिऱ्हाईक फोन करण्याआधी हेच वाचतं आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलांची घरंही यावरच चालतात.